टोकियो गाळून जपान

जपानला कुठल्याही कंपनीशिवाय, घरच्यांना घेऊन, ट्रेननं फिरायचं असेल तर पहिलं काम तिकीट शोधायचं नसतं. काय गाळायचं ते आधी ठरवायचं असतं. आमच्या घरी मी टोकियो गाळलं, आणि त्यावरून दोन रविवार जेवताना चांगलंच वाजलं. “जपानला जाऊन टोकियो नाही? लोक काय म्हणतील?” हे मम्मीचं. धाकट्या भावानं तर काही न म्हणता नुसतं ताट पुढे सरकवलं. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जाणार आहोत: आजी, पप्पा, मम्मी, भाऊ आणि मी. हा लेख प्रवासवर्णन नाही. नियोजन कसं केलं, त्यामागचा हिशेब काय, एवढंच सांगायचं आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा बेत शिजत असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवातीला आम्हीही एका ट्रॅव्हल कंपनीकडे गेलो होतो. त्यांच्या रंगीत कागदावर आठ दिवसांत टोकियो, फुजी, क्योतो आणि ओसाका होतं. मी विचारलं, नागासाकी? तिथल्या माणसानं सांगितलं, “तिकडे आपलं पब्लिक जात नाही.” खरं तर त्या एका वाक्यानं सगळा प्रश्न सुटला. कारण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आजीला जपानमध्ये फक्त नागासाकीच बघायचं आहे.

आजीचं नागासाकी

आम्ही दोन पिढ्या वडोदऱ्यात आहोत, पण गाव वसई. वसईच्या ख्रिस्ती माणसाला संत गोन्सालो गार्सिया कोण ते सांगावं लागत नाही. त्यांच्या नावाचं कॉलेजच तिथे आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहान वयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला आले तेव्हा गोन्सालो त्यांचे दुभाषे म्हणून बरोबर होते. दोन भाषांत जगणारी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला या गोष्टीचं फार वाटतं. आपल्याकडचे पहिले संत मानले जातात ते, आणि त्यांचं काम होतं एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचं.

तेव्हा जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हातात होती. त्याच्या हुकमावरून क्योतो आणि ओसाकात चोवीस जणांना पकडलं. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवर बसवून शहरांतून फिरवलं आणि मग जानेवारीच्या थंडीत पश्चिमेकडे चालवत नेलं. वाटेत आणखी दोघे सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं. त्यांत वीस जपानी होते. सगळ्यांत धाकटा लुइस बारा वर्षांचा. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संतपद दिलं.

आजीचं म्हणणं साधं आहे: “आपला माणूस तिथवर चालत गेला. मला तर गाडीत बसूनच जायचंय.”

आधी रेघ, मग ठिकाणं

आजीच्या या बोलण्यातूनच मला आराखडा सापडला. सहलीचे कागद नेहमी ठिपक्यांचे असतात. हे बघा, ते बघा, फोटो काढा. ठिपके जोडायला मग उलटसुलट पळावं लागतं. मी नकाशावर उलट काम केलं. क्योतोहून नागासाकीपर्यंत एक रेघ मारली आणि रेघेवर किंवा रेघेच्या अगदी जवळ जे येतं तेवढंच घेतलं. ते सव्वीस जण साधारण याच दिशेनं, सेतो समुद्राच्या उत्तर किनाऱ्यानं गेले होते. आजचा सान्यो शिंकान्सेन मार्गही याच पट्ट्यातून जातो. १९७५ मध्ये तो हाकातापर्यंत पूर्ण झाला. हाकाता म्हणजे फुकुओका शहराचं मुख्य स्टेशन.

टोकियो या रेघेच्या पूर्वेला, क्योतोपासून शिंकान्सेननं सव्वादोन तासांवर. जाऊन परत यायचं तर दोन दिवस आणि बराच पैसा जातो. म्हणून ते गाळलं.

रेघेचा दुसरा फायदा विमानाच्या तिकिटात होतो. बरेच लोक ज्या शहरात उतरतात तिथूनच परत निघतात, म्हणजे शेवटचा एक दिवस मागे फिरण्यात जातो. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय घेतला तर एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतता येतं. आम्ही ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरणार आणि फुकुओकाहून निघणार. एकदा पुढे गेलं की मागे यायचं नाही.

तिकिटाचं गणित

जपान म्हटलं की जो तो ‘जपान रेल पास’ घ्यायला सांगतो. हा सल्ला आता डोळे मिटून घेऊ नका. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येन झाला. आम्ही हिशेबाला एक येन म्हणजे साठ पैसे धरले, म्हणजे माणशी तीस हजार रुपये. टोकियोपासून नागासाकीपर्यंत आणि परत धावणाऱ्याला तो कदाचित परवडेल. एकाच दिशेनं जाणाऱ्याला सुट्टी तिकिटं स्वस्त पडतात. पश्चिम जपानपुरते, क्यूशूपुरते असे लहान प्रादेशिक पासही मिळतात. तुमची रेघ कुठली त्यावर ते बघा. दर बदलत राहतात, म्हणून बुक करायच्या आठवड्यात पुन्हा ताडून घ्या.

आता सुट्टं तिकीट समजून घेऊ. जपानमध्ये लांब पल्ल्याच्या तिकिटाचे दोन भाग असतात. एक मूळ प्रवासाचं तिकीट, ते अंतरावर. दुसरं वेगाचं तिकीट, ते शिंकान्सेनमध्ये किंवा एक्स्प्रेसमध्ये बसण्याबद्दल. आपल्याकडे सुपरफास्टचा अधिभार असतो तसं समजा, फक्त रक्कम बरीच मोठी.

खरी गंमत मूळ तिकिटात आहे. अंतर शंभर किलोमीटरच्या वर असेल तर साधारणपणे वाटेत उतरता येतं आणि नंतर त्याच तिकिटावर पुढे जाता येतं. पप्पा पश्चिम रेल्वेत आहेत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली, “अगं, म्हणजे ब्रेक जर्नी!” तेच ते. तिकिटाची मुदतही अंतराप्रमाणे वाढते: दोनशे किलोमीटरपर्यंत दोन दिवस, पुढे दर दोनशे किलोमीटरला एक दिवस जास्त. क्योतो ते नागासाकी हे अंतर सुमारे आठशे किलोमीटर आहे, त्यामुळे किमान पाच दिवस मिळतात. म्हणजे क्योतोहून थेट नागासाकीचं एकच मूळ तिकीट काढायचं, हिमेजीला उतरायचं, हिरोशिमाला दोन रात्री राहायचं आणि पुढे जायचं. वेगाचं तिकीट प्रत्येक टप्प्याला वेगळं. लांबचं एक तिकीट तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. आमच्या हिशेबात हे सगळं मिळून पासाच्या साधारण निम्म्यात बसतं. फक्त असं तिकीट स्टेशनच्या खिडकीवर मागायचं, आणि शहरांची नावं आणि तारखा कागदावर लिहून न्यायच्या.

आणखी काही नियम आमच्या घराला लागू पडले, तुमच्याही पडतील:

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. भाऊ जानेवारीत बारा वर्षांचा होतो, म्हणून बेत पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला नाही.

आरक्षण महिनाभर आधी सुरू होतं. आपल्यासारखी वेटिंग लिस्ट नसते. जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढची गाडी. गाड्या इतक्या असतात की साध्या दिवशी अडत नाही. मात्र एप्रिल संपताना आणि मे लागताना येणारा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यावरचे ओबोनचे दिवस आणि नवीन वर्ष हे तीन काळ टाळा. तेव्हा सगळा जपान गावी निघालेला असतो.

सामानाचंही मोजमाप आहे. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर सान्यो शिंकान्सेनमध्ये त्यासाठी खास जागेचं आरक्षण लागतं. मम्मीची लाल बॅग टेपनं मोजली. ती घरीच राहणार.

कुठे, किती

आमचा आराखडा नऊ रात्रींचा आहे. क्योतो तीन, हिरोशिमा दोन, नागासाकी तीन, फुकुओका एक.

क्योतोत डझनभर देवळांची यादी कुणीही देईल. आम्ही निजो किल्ला घेतला. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासुनं तो बांधला, आणि १८६७ मध्ये शेवटच्या शोगुननं सत्ता सम्राटाकडे परत देत असल्याचं तिथेच जाहीर केलं. तोकुगावांचं राज्य जिथे सुरू झालं तिथेच संपलं, आणि त्याच राज्यात, १६१४ मध्ये, ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. किल्ला सपाटीवर आहे, आजीला चालता येईल. भावासाठी क्योतोचं रेल्वे म्युझियम ठेवलं. टोकियोची भरपाई म्हणून त्यानं ते मंजूर केलं, पण अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

क्योतोहून एक दिवस नारा. साध्या जलद गाडीनं पाऊण तास लागतो. तिथल्या तोदाइजी मंदिरात ब्राँझची भव्य बुद्धमूर्ती आहे. ७५२ मध्ये तिचे डोळे रंगवण्याचा विधी ज्या भिक्षूनं केला तो बोधिसेन, भारतातून गेलेला. म्हणजे आपल्याकडून जपानला जाऊन राहिलेला माणूस गोन्सालोंच्या आधी आठशे वर्षांपूर्वीही होता. नाराहून दहा-बारा मिनिटांवर होर्यूजी स्टेशन लागतं. जगातल्या सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या लाकडी इमारती त्या मंदिराच्या आवारात आहेत. वेळ आणि आजीचे पाय दोन्ही राहिले तर जाऊ, नाहीतर नाही.

चौथ्या दिवशी हिमेजी. क्योतोहून जादा पैसे न लागणारी ‘शिन-काइसोकु’ ही जलद लोकल दीड तासात पोचवते. स्टेशनबाहेर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढरा किल्ला. वीस मिनिटं चालायचं. आजचा मुख्य बुरूज १६०९ मध्ये पूर्ण झाला. १९९३ मध्ये होर्यूजी आणि हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याआधी याच जागी हिदेयोशीचा तीन मजली बुरूज होता. तोच हिदेयोशी. म्हणून हिमेजी आमच्या रेघेवर नुसतं सुंदर ठिकाण म्हणून येत नाही. हुकूम सोडणारा माणूस कोण होता, त्याची ताकद केवढी होती, ते तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना समजेल.

संध्याकाळी शिंकान्सेननं तासाभरात हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बनंतर उभा राहिलेला घुमट आणि संग्रहालय यांना एक पूर्ण दिवस दिला आहे. संग्रहालयात भावाला न्यायचं की नाही यावर अजून एकमत नाही. मम्मी म्हणते लहान आहे, पप्पा म्हणतात कळायला हवं. हा निर्णय कुठल्याही कंपनीनं आमच्या वतीनं घेतला असता आणि आम्हाला कळलंही नसतं.

सर्वांत हळू चालणारा माणूस

घरच्यांची सहल आखताना वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा धरायचा. आमचे नियम तीनच.

एक: दिवसाला एकच चढ. हिमेजीच्या बुरुजात बूट काढून, उभट लाकडी जिन्यांनी वर जावं लागतं. आजी वर जाणार नाही. शेजारच्या कोकोएन बागेत ती मम्मीबरोबर बसेल, आम्ही तिघे वर जाऊन येऊ.

दोन: सामान माणसाबरोबर फिरवायचं नाही. जपानमध्ये बॅगा एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवायची सोय आहे, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोचतात. क्योतोतून मोठ्या बॅगा आदल्या दिवशी थेट हिरोशिमाला जातील. हिमेजीला हातात फक्त पाण्याच्या बाटल्या आणि आजीच्या गोळ्या.

तीन: गाडी बदलायला हातात वेळ ठेवायचा. तिथल्या गाड्या वेळेवर सुटतात, म्हणून चार मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलता येतो असं मोबाइल सांगतो. मोबाइलला गुडघे नसतात. आम्ही प्रत्येक बदलाला किमान अर्धा तास धरला. लिफ्ट शोधायलाच त्यातली दहा मिनिटं जातील.

व्हिसासाठीही हे काम वाया जात नाही. अर्जासोबत दिवसागणिक कुठे राहणार, काय करणार याचा तक्ता द्यावा लागतो. आमचा तक्ता तयारच होता. पप्पांनी तो रेल्वेच्या टाइमटेबलसारखा रकाने पाडून छापला.

रेघेचं टोक

हिरोशिमाहून हाकाता तासाभराचं. पुढे ताकेओ ओन्सेनपर्यंत ‘रिले कामोमे’ ही एक्स्प्रेस, आणि तिथे समोरच्याच प्लॅटफॉर्मवर उभी असलेली निशी-क्यूशू शिंकान्सेन. हा सहासष्ट किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला. हाकाता ते नागासाकी सगळं मिळून दीड तासाच्या आत-बाहेर. वाटेत शिन-ओमुरा स्टेशन लागतं. याच ओमुरा उपसागरातून त्या सव्वीस जणांना शेवटच्या टप्प्याला होडीतून नेलं होतं. त्यांना सगळ्या वाटेला जवळपास महिना लागला. सलग गाड्या पकडल्या तर क्योतोहून नागासाकी आज पाच तासांत होतं. आम्ही मुद्दाम दोन रात्री मध्ये घालवून जातोय, तेवढंच अंतर अंगाला जाणवावं म्हणून.

निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर, थोडी चढणीवर आहे. त्या दिवसाचा एकच चढ तो. तिथे १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या सव्वीस ब्राँझ मूर्तींची भिंत उभी राहिली. त्यातली एक वसईच्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी ट्रामनं ओउरा चर्च. हे चर्च १८६४ मध्ये बांधलं आणि याच सव्वीस जणांना अर्पण केलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसं तिथे आली आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. दोनशे वर्षांहून जास्त काळ धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, पकडले गेलो तर मरण, आणि तरी घराघरांत आईबापांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या होत्या. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले. नागासाकी परिसरातल्या या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांच्या जागा २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या.

तिसऱ्या दिवशी उराकामी. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी बांधलेलं कॅथेड्रल ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी पडलेल्या बॉम्बनं उद्ध्वस्त झालं. १९५९ मध्ये ते पुन्हा बांधलं. जळलेल्या, तुटलेल्या मूर्ती अजून बाहेर ठेवल्या आहेत. तो दिवस रविवार येईल असं बघून मी मागच्या सगळ्या तारखा लावल्या. आजीला तिथे मिस्सा मिळेल. भाषा जपानी असली तरी कुठे उठायचं आणि कुठे गुडघे टेकायचे ते तिला कळेल, असं ती म्हणते.

तुमची रेघ वेगळी असेल. कुणाला बौद्ध मंदिरांची, कुणाला किल्ल्यांची, कुणाला नुसती जुन्या लाकडी स्टेशनांची. काहीही चालेल. घरात सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला आधी विचारा की त्याला जपानमध्ये नक्की कुठे उभं राहायचं आहे. ते ठिकाण रेघेच्या टोकाला ठेवा आणि मग वेळापत्रक उघडा.